तीन इंचांची पट्टी

"माप शूं छे, बेन?" दुकानदाराने विचारलं, आणि योगिताने पर्समधून मोबाइल काढून किरणचा मेसेज जसाच्या तसा वाचून दाखवला. "आरसा अठरा बाय छत्तीस. पट्टी तीन इंचांची घ्या वहिनी. त्याहून कमी नको, झाकलं जाणार नाही." शेवटचे शब्द तोंडातून निघाले आणि ती थांबली. मेसेज सकाळी आला तेव्हा तिने वाचला होता, उत्तरादाखल अंगठाही पाठवला होता, आणि तेव्हा त्यात काहीच खटकलं नव्हतं. आता पर्वत पाटियाच्या त्या चौकटींच्या, लाकडाच्या भुशाने भरलेल्या दुकानात तेच शब्द स्वतःच्या आवाजात कानावर पडले, आणि त्यांचा अर्थ लागला. म्हणजे दिराने माप घेतलं होतं. घरात सगळे आपापल्या कामात असताना तो केव्हातरी बाथरूममध्ये गेला होता, आतून कडी लावली होती, आणि फुटलेला कोपरा काठापासून किती आत गेलाय ते पोलादी पट्टी लावून मोजलं होतं. साड्यांच्या बॉर्डरची डिझाइनं कॉम्प्युटरवर बसवण्याचं त्याचं काम. त्याचं माप कधी चुकत नाही, असं सासूबाई कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या.

"झाकवानुं शूं छे?" दुकानदार मोकळेपणाने हसला. लिंबायतच्या मराठी गिऱ्हाइकांनी त्याला मराठी शिकवली होती; ती गुजराती वळणाने बोलायला त्याला आवडायचं. "बाथरूमच्या आरशाला एक इंच पट्टी बस थाय. तीन इंच लावाल तर आरसा केवढा राहील? तोंड बघायचं की पट्टी बघायची?"

"कोपरा जरा गेलाय," सरलाबाई मध्येच म्हणाल्या. योगिताच्या सासूबाई दुकानात शिरल्यापासून एका स्टुलावर ऐसपैस बसल्या होत्या. "पाव्हणे यायचेत रविवारी. आणि तसाही साधा आरसा भकास दिसतो बघ, भाऊ. बिल्डरने नुसती काच चिकटवून दिलीय. चांगली नक्षीची चौकट दाखव."

भिंतभर खिळ्यांना चौकटींचे नमुने टांगले होते, पण पूर्ण चौकट एकही नव्हती. नुसते कोपरे. प्रत्येक प्रकारच्या दोन वीतभर पट्ट्या काटकोनात जोडलेल्या, सोनेरी, चंदेरी, तपकिरी, कुठे द्राक्षांचा वेल, कुठे शंख, कुठे मोर. दुकानदार लांब काठीने एकेक कोपरा उतरवायचा आणि गल्ल्याशेजारच्या आरशावर धरून दाखवायचा. योगिता मान हलवत होती. कोपऱ्यांच्या त्या गर्दीत तिला दुसराच एक कोपरा दिसत होता, दीड महिन्यापूर्वीचा, दिवाळीनंतरच्या सोमवारचा, सकाळी साडेसातचा.

त्या सकाळी गीझर चालू राहिला होता. एवढंच. धर्मेंद्र अंघोळीला गेला तर पाणी कढत आलं, त्याच्या हाताला चटका बसला, आणि त्याने तिला हाक मारली. हाक साधी होती. तिने हातातलं पीठ झटकलं आणि ती बाथरूमच्या दारात गेली. नवरा चिडला की आधी आवाज चढवतो असं लोकांना वाटतं. धर्मेंद्रचा आवाज उतरायचा. "ये, बघ," तो म्हणाला, "बघ जरा तुझं तोंड, अक्कल कुठे दिसतेय का." त्याने मानेमागून केस धरून तिला आरशाकडे वळवलं. तिने मान बाजूला काढली, नाहीतर कपाळच फुटलं असतं; कानाच्या वरचा भाग काचेच्या कडेवर आदळला. आवाज अगदी बारीक झाला, पापड मोडावा तसा. मग बेसिनमध्ये काचा, आणि काचांवर पाण्यासारखं पातळ दिसणारं रक्त. धर्मेंद्र दोन पावलं मागे सरला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मग किरण आला. त्याने काही विचारलं नाही. आधी तिला स्टुलावर बसवलं, तिच्या पायांपुढची फरशी हाताने चाचपली, मोठ्या काचा वर्तमानपत्रात गुंडाळल्या, आणि बारीक कण ओल्या कणकेच्या गोळ्याने टिपून घेतले. तिच्याच परातीतली कणीक. एवढी हुशारी याला कुठून आली, असं त्याही अवस्थेत तिच्या मनात येऊन गेलं होतं. मग मोटरसायकलवर बसवून त्याने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी केस बाजूला करून विचारलं, "हे कसं झालं?" विचारलं तिला होतं. उत्तर किरणने दिलं. "बाथरूममध्ये घसरल्या." परत येताना घराजवळ, भेस्तानच्या रेल्वे फाटकापाशी मोटरसायकल थांबली तेव्हा तो मागे न वळता म्हणाला, "वहिनी, पारोळ्याला माहेरी काही कळवू नका. तुमच्या आबांना उगाच त्रास. दादाचं मी बघतो." आणि तिला, टाक्यांना ठणका लागलेला असताना, खरोखर बरं वाटलं होतं. कुणीतरी बघतो म्हणालं होतं. गेल्या चार वर्षांत ती त्या घरात एकाच माणसाला चांगला म्हणत आली होती.

आणि म्हणूनच तिने, या सोमवारच्या कितीतरी आधी, माहेरी शब्द टाकला होता. हे आठवलं की ती नेहमी मन दुसरीकडे वळवायची, आज वळेना. धाकटी बहीण हर्षदा किरणला द्यावी हे सरलाबाईंनी सुचवलं हे खरं, वैशाखात, एका लग्नाच्या मांडवात. "दोघी बहिणी एका घरात. एकीला एक सोबत." पण माय तेव्हा गप्प राहिली होती. मायने पुढे फोन करून विचारलं होतं, "योगे, तू सांग. तू आत आहेस. पोरगा कसा आहे?" आणि तिने लगेच, जिभेवर तयार असल्यासारखं सांगितलं होतं, "किरणभाऊंसारखा माणूस मिळायचा नाही." खोटं नव्हतं ते. पण ते सांगताना तिच्या डोळ्यांपुढे किरण नव्हता, हर्षदाही नव्हती. दुपारी दोघी बहिणी ओट्यापाशी उभ्या आहेत, कुणीतरी आपल्या बोलीत बोलतंय, आणि संध्याकाळी जिन्यात धर्मेंद्रच्या चपलांचा आवाज आला की आपण दोघी आहोत, एवढंच दिसत होतं. तिला बहिणीचं लग्न करायचं होतं की आपल्यासाठी माणूस आणवून घ्यायचं होतं? अंधाऱ्या घरात शिरायची भीती वाटते म्हणून लहान पोराला पुढे धरावं, तसं काही आपण करत होतो का? लहानपणी तिने तसं केलंही होतं. धाब्याच्या खोलीत कंदील आणायला जाताना ती हर्षदाला पुढे चालवायची, आणि पाच वर्षांची हर्षदा ताई मागे आहे या भरवशावर ताठ मानेने चालायची.

"आ जुओ," दुकानदाराने मोरांची सोनेरी पट्टी आरशावर धरली. "तीन इंचमां आ एकच सारी छे, चांगली. दुसरी तपकिरी आहे, पण ती साधी. आ फायबर छे, पाण्याने फुगणार नाही. पण बेन, माझं ऐकाल तर नवो काच लगाडो. एक कोपऱ्यासाठी एवढो खटाटोप?"

योगिताने सासूबाईंकडे पाहिलं. नवा आरसा बसवू असं तीही म्हणाली होती, गेल्या आठवड्यात, जेवताना. धर्मेंद्रने भाकरी मोडता मोडता शांतपणे सांगितलं होतं, "एक कोपरा गेलाय. आरसा नाही गेला." काच टाइल्सवर पक्की चिकटवलेली होती, काढायची तर गवंडी आणावा लागला असता, आणि गवंडी दिवसभर त्या कोपऱ्यापुढे बसून काहीतरी विचारणार. चौकटीची कल्पना किरणची. आईला पटेल अशा रीतीने त्याने ती मांडली होती: हर्षदाला घेऊन पारोळ्याचे पाव्हणे घर बघायला येणार, घर जरा सजलेलं दिसावं.

"ही द्या," सरलाबाई उठून पट्टीवरून हात फिरवत म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. लिंबायतच्या दहा बाय दहाच्या खोलीत त्यांनी पंचवीस वर्षं काढली होती. स्वतंत्र बाथरूम, त्यात आरसा आणि त्या आरशाला मोर, हे त्यांनी कधी मागितलंसुद्धा नव्हतं. "काय पोरी? आवडली ना? हर्षदा बघेल तर खूश होईल."

"हो," योगिता म्हणाली.

पट्ट्या कापायला अर्धा तास लागणार होता. दुकानदाराने दोघींना चहा मागवला आणि तो आत यंत्राकडे गेला. यंत्राची किंकाळी थांबून थांबून येत होती. सरलाबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि एखादी पाककृती सांगावी तशा सहज सुरात त्या बोलायला लागल्या. "तुझ्या सासऱ्यांनी कपाट फोडलं होतं एकदा. लोखंडी कपाट, माझ्या माहेरचं, दारात आरसा होता त्याच्या. लूमवर काही झालं असेल, मालक बोलला असेल, घरी येऊन पाटा उचलून मारला. मला नाही लागला, आरशाला लागला. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ यायचा होता राखीला. मी काय केलं? लक्ष्मीचा मोठा फोटो आणला आणि दाराला चिकटवला. भाऊ येऊन हात जोडून गेला. त्याला काय माहीत मागे काय आहे." त्या हसल्या आणि त्यांनी बशी तोंडाला लावली. "मग वय झालं की थंड होतात गं माणसं. हे शेवटी शेवटी किती मऊ झाले होते. मला औषधं विचारायचे. तुझंही होईल. तोवर घराचं घरात ठेवायचं."

"किती वर्षं लागली आई?" योगिताने विचारलं.

"कशाला?"

"थंड व्हायला."

सरलाबाईंनी बशी खाली ठेवली. त्या मोजत असाव्यात. उत्तर द्यायच्या आत योगिताचा फोन वाजला, आणि पडद्यावर हर्षदाचा चेहरा आला; पाठीमागे पारोळ्याच्या घरातली निळी भिंत, दोरीवर वाळत घातलेली आबांची धोतरं. हर्षदाने केस धुतले होते, ते ओलेच होते. "ताई! दुकानात आहेस ना? दाखव ना मला फ्रेम. किरण म्हणाला दाखवायची नाही, सरप्राइज आहे. म्हणाला, तू येणार म्हणून बाथरूमसुद्धा सजवतोय आम्ही. बाथरूम गं ताई! मी एवढी हसले. मायला सांगितलं तर माय म्हणते, असं सासर भाग्याने मिळतं."

योगिता फोनकडे बघत राहिली. किरण खोटं बोलला होता असंही म्हणता येत नव्हतं. हर्षदा येणार होती, बाथरूम सजत होतं. त्याने एका गोष्टीवर दुसरी गोष्ट नीट बसवली होती, कुठे शिवण दिसू नये अशी. आणि हर्षदा हसली होती. ते हसणं तिच्या चेहऱ्यावर अजून होतं. हे हसणं आपण पाहिलंय, योगिताला वाटलं. आपणही असंच हसलो होतो, साखरपुडा झाल्यावर धर्मेंद्रने फोनवर 'तुला कोणत्या रंगाचा पडदा आवडतो' असं विचारलं होतं तेव्हा. पडदे अजून त्याच रंगाचे आहेत.

"हर्षे, मी सांगते ते नीट ऐक," ती म्हणाली. समोर सासूबाई बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांकडे न बघता ती म्हणाली. "आरसा फुटलाय. ते झाकायला फ्रेम आहे. दिवाळीनंतर, माझ्या डोक्याने फुटलाय."

मग हर्षदा उठली असावी, भिंत गेली, आभाळ आलं, आणि ती ओसरीच्या बाहेर येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "भावजींनी?"

"हो."

"पहिल्यांदा?"

"नाही."

"आणि किरण? किरणने काही केलं तुला?"

"नाही. किरणभाऊंनी काचा भरल्या. दवाखान्यात नेलं."

"मग?" हर्षदाच्या आवाजात रडू होतं आणि रागही होता. "मग त्याचा काय दोष ताई? भाऊ वाईट म्हणून तो वाईट? तूच सांगितलं होतंस मायला, असा माणूस मिळायचा नाही म्हणून. सहा महिने मी त्याच्याशी बोलतेय. आज सांगतेस?"

हा प्रश्न रास्त होता. योगिताने उत्तर शोधलं, शब्द चाचपत, अंधारात काडेपेटी शोधावी तसं. "त्यांनी काचा भरल्या," ती म्हणाली, "आणि म्हणाले, कुणाला सांगू नका. दादाला ते एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. संध्याकाळी दोघं भाऊ एका ताटलीतून शेंगदाणे खात टीव्ही बघत होते. आणि आज त्यांनी मला माप पाठवलंय. किती रुंद पट्टी लावली की तुला दिसणार नाही, त्याचं माप. मला ते वाईट आहेत असं म्हणायचं नाही हर्षे. मला एवढंच म्हणायचंय की उद्या तुला काही झालं, कुणाकडूनही, तर ते काचा भरतील. फार नीट भरतील."

फोन बंद झाला. हर्षदाने बंद केला की रेंज गेली, ते कळलं नाही.

सरलाबाईंनी पदराने तोंड पुसलं, चहाची बशी कपाखाली सरकवली, आणि दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या चार लांब पट्ट्या दोन्ही हातांनी घेतल्या. रस्त्यावर येऊन त्यांनीच रिक्षा थांबवली. रिक्षात पट्ट्या मावेनात. त्यांनी त्या तिरप्या धरल्या, टोकं बाहेर. योगिता शेजारी अंग चोरून बसली. आता त्या बोलतील, 'माझ्या घराची अब्रू बाजारात काढलीस' म्हणतील, असं तिला वाटत होतं, आणि त्याची तिला भीती वाटत नव्हती याचं तिला नवल वाटलं. भीती दुसरीच होती. हर्षदाचं काय व्हायचं ते होवो, आपण आता त्या घरात जाऊन संध्याकाळी पोळ्या लाटणार आहोत. आपण बहिणीला ये म्हणालो, आता येऊ नको म्हणालो. स्वतःला मात्र राहा की जा, हे आपण एकदाही विचारलं नाही.

लिंबायतचा पूल ओलांडताना फोन पुन्हा वाजला. या वेळी नुसता आवाज होता. "ताई, मी त्याला फोन केला होता," हर्षदा म्हणाली. ती रडत नव्हती. "तू सांगितलंस ते मी सांगितलं नाही. मी नुसतं विचारलं, दिवाळीनंतर ताईच्या डोक्याला काय लागलं होतं? तो म्हणाला, बाथरूममध्ये घसरली. ताई, तो थांबलासुद्धा नाही गं. मला वाटलं होतं जरा थांबेल, अडखळेल. अडखळला असता तरी मी..." मग म्हणाली, "आबांना मी सांगते. रविवारी कुणी येत नाही आता. तू काय करणार?"

"बघते," योगिता म्हणाली, आणि तो शब्द तिला स्वतःलाच इतका ओळखीचा वाटला की तिने फोन कानापासून दूर केला.

"काय म्हणते?" सरलाबाईंनी विचारलं.

योगिताने सांगितलं. सगळं सांगितलं, किरण काय म्हणाला तेही. सरलाबाई रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या एकदम पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भाऊ, भेस्तान पछी. पहेला उधना स्टेशन लई ले."

"आई?"

"आज घरी नको येऊ व माय," त्या म्हणाल्या. "किरण खुळा नाही. दिवाळीनंतरचं आजच कुणी कसं विचारलं, ते त्याला कळलं असेल. त्याने आतापर्यंत धर्मेंद्रला फोन केला असेल. मला माझी पोरं ठाऊक आहेत." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मायाही नव्हती म्हणावं तर तीही होती. "दुपारची गाडी आहे भुसावळकडची. अमळनेरला उतर, आबांना यायला सांग. कपडे मी पाठवते कुणाच्या हाती."

उधना स्टेशनसमोर रिक्षा थांबली. योगिता उतरली. तिला वाटत होतं, सासूबाई आता तरी काही म्हणतील. त्यांचा लेक चुकला असं म्हणतील, एकदा, एकाच वाक्यात. तिने रिक्षाची दांडी धरली. "तुम्ही पण चला आई. आज तुम्हालाही बोलतील ते. तुम्ही मला सोडलंत म्हणून."

"मी कुठे जाऊ?" सरलाबाई म्हणाल्या, आणि हा प्रश्न खरंच तिला विचारत असल्यासारखं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मांडीवरच्या पट्ट्या सावरल्या, वर्तमानपत्र एका टोकाला फाटून आतला सोनेरी मोर दिसत होता त्यावर पदर ओढला. "आणि ही लावून घ्यायला घरात कुणीतरी हवं ना. कारागीर उद्या दहाला येतोय."

रिक्षा वळली. पट्ट्यांची टोकं कुठल्या खांबाला, कुठल्या हातगाडीला लागू नयेत म्हणून सरलाबाईंनी त्या छातीशी घट्ट धरल्या होत्या, आणि त्यांचं सगळं लक्ष त्यांतच होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत योगिताला त्यांचा पांढरा अंबाडा दिसत राहिला. मग एक टेम्पो आडवा आला. तिने पर्स उघडून मोबाइल पाहिला. धर्मेंद्रचे दोन फोन येऊन गेले होते, तिसरा वाजत होता. तिने तो वाजू दिला, आणि तिकिटाच्या खिडकीपुढच्या बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.